अंगणाला वळण

हैदराबादेत कुणालाही पत्ता विचारा, उत्तर 'सीधा' या शब्दाने सुरू होतं. आबिड्सच्या जीपीओसमोर, नेहरूंच्या पुतळ्यापाशी उभं राहून नामपल्ली स्टेशन विचारलंत तरी 'सीधा', मोअज्जमजाही मार्केट विचारलंत तरी 'सीधा', आणि चिराग अली लेन विचारलीत तर 'सीधाइच जाओ साब'. तिन्ही दिशांना सरळ. प्रत्यक्षात इथला कुठलाच रस्ता फार वेळ सरळ राहत नाही. कुठे नवाबाच्या देवडीला वळसा, कुठे मशिदीला, कुठे चर्चच्या भिंतीला. नवा माणूस दोनदा हरवतो आणि मग त्याला कळतं, की इथे 'सीधा'चा अर्थ एवढाच आहे: रस्ता वळेल तिथे तुम्हीही वळा, मधे स्वतःची अक्कल चालवू नका.

मुळात या भागाचं नावच सरळ वाटेने आलेलं नाही. आल्बर्ट आबिद हा आर्मेनियन गृहस्थ सहाव्या निजामाचा, म्हणजे महबूब अली खानाचा, खासगी सेवक. धन्याचे कपडे सांभाळता सांभाळता त्याने इथे दुकान काढलं. धनी १९११ साली गेला, पुढे धन्याचं राज्य गेलं, दुकानही गेलं. 'आबिदचं दुकान' यातलं 'आबिदचं' तेवढं राहिलं. साहेबी तोंडात त्याचं आबिड्स झालं आणि आम्ही त्या 'चं'मध्ये राहतो.

आमचं घर आबिड्सच्या मागच्या एका गल्लीत. आजोबा नांदेडहून निजामाच्या कचेरीत नोकरीला आले तेव्हाचं. समोर चाळीस फूट बाय पंचवीस फूट अंगण. आजूबाजूला सगळीकडे कॉम्प्लेक्स उठले, आमचं अंगण तेवढं राहिलं, कारण ते विकायचं की नाही यावर घरातल्या चौघांचं गेल्या तीस वर्षांत एकमत झालेलं नाही. फाटकापासून ओसरीपर्यंत शहाबादी फरशीची पट्टी, अडतीस फूट, फुटपट्टीने आखावी तशी. दोन्ही बाजूंना जास्वंद, कर्दळ, कढीलिंब, अबोली, आणि आपणहून उगवलेलं बरंच काही. या पट्टीवरून तीन पिढ्या नाकासमोर चालल्या आणि कुणाचं काही अडलं नाही.

मग दादा निवृत्त झाला.

दादा हिशेब खात्यात होता. पस्तीस वर्षं त्याने बेरजांखाली सरळ रेघा मारल्या. अशा माणसाला निवृत्तीनंतर वाकड्या रेघेचा मोह व्हावा, हे मानसशास्त्राच्या दृष्टीने बरोबर असेल, पण घराच्या दृष्टीने महाग पडलं. निमित्त झालं रविवारच्या पुस्तकांचं. रविवारी आबिड्सची दुकानं बंद असतात आणि शटरांपुढच्या फुटपाथवर जुनी पुस्तकं पसरतात. इंजिनिअरिंगच्या गाइडांच्या ढिगात दादाला एक गुळगुळीत, जाडजूड इंग्रजी पुस्तक सापडलं: विलायती कॉटेज गार्डन कशी करावी. घासाघीस करून एकशेवीसला आणलं. पहिल्या पानावर कुणी तरी कुणाला तरी ते लग्नाच्या वाढदिवसाला भेट दिल्याचं लिहिलं होतं. अशी भेट फुटपाथवर का आली, याचा विचार दादाने तिथेच करायला हवा होता.

चित्रं मात्र देखणी. गवताच्या छपराची घरं, गुलाबांचे ताटवे, आणि त्यातून नागमोडी जाणारी, कडेच्या फुलांनी अर्धी झाकलेली पायवाट. वाट कुठे जाते ते दिसत नाही.

"हीच तर गंमत आहे," दादा म्हणाला. "पुढे काय आहे, याची उत्सुकता राहते."

"पुढे ओसरी आहे," वहिनी म्हणाली. "आणि ओसरीवर तुमचे वाळत घातलेले बनियन."

आईचं वय अठ्ठ्याऐंशी. नांदेड सोडून तिला सत्तर वर्षं झाली, पण जिभेने सोडलेलं नाही. ती म्हणाली, "तुला वळण लावता लावता माझा जीव गेला. आता तू अंगणाला लावायलास का?"

आईच्या बोलण्यात मुद्दा होता. मराठीत वळणाची मोठी पंचाईत आहे. अक्षर वळणदार असावं, मुलांना वळण असावं, पण माणूस सरळ असावा आणि त्याने नाकासमोर चालावं. वाट वाकडी केली तर उपकार होतात, वाकड्या वाटेला लागलं तर खानदान बुडतं. आणि वाट नुसती 'लावली' तर काय होतं, ते सर्वांना ठाऊक आहे. एवढ्या खाचाखळग्यांच्या भाषेत नागमोडी पायवाट करायला निघणं म्हणजे धाडसच.

दादा मात्र अभ्यास करून उतरला होता. जेवताना आम्हाला तो इतिहास ऐकवायचा. मोगलांची चारबाग म्हणजे चार चौकोन आणि सरळ पाट. ती बादशाही शिस्त. इंग्लंडातल्या बागाही आधी फ्रेंचांच्या नादाने फुटपट्टीच्याच होत्या. मग होगार्थ नावाच्या चित्रकाराने १७५३ साली पुस्तक लिहून नागमोडी रेघ हीच सौंदर्याची रेघ असं ठरवून टाकलं, आणि ब्राउन नावाच्या माळ्याने जमीनदारांच्या बागांतले सरळ रस्ते उखडून तळी आणि वाटा सापासारख्या फिरवल्या. प्रत्येक गिऱ्हाइकाला तो सांगायचा, की तुमच्या जमिनीत मोठी 'केपेबिलिटी' आहे, म्हणून त्याचं नावच केपेबिलिटी ब्राउन पडलं.

"आपल्या अंगणातही आहे," दादा म्हणाला.

"त्याच्यापाशी शेकडो एकर होते," मी म्हणालो. "आपल्याकडे हजार चौरस फूट आहेत. त्यातही पाण्याची टाकी."

यावर त्याने इथल्याच कोटी भागातल्या ब्रिटिश रेसिडेन्सीचा दाखला काढला. तिथल्या रेसिडेंट कर्कपॅट्रिक साहेबाची बायको खैरुन्निसा बेगम पडद्यात असायची, तिला हवेली समोरून बघता येत नसे, म्हणून साहेबाने तिच्या बागेत हवेलीची छोटी प्रतिकृती बांधून दिली, असं सांगतात. प्रतिकृती अजून आहे. "मग लहान जागेत मोठी गोष्ट होते की नाही?" वहिनीने वरण वाढता वाढता विचारलं, की साहेबाने ते बायकोला विचारून केलं होतं की न विचारता.

पुस्तकात कृती दिली होती. पाणी घालायचा रबरी पाइप जमिनीवर पसरावा, त्याला हवं तसं वळण द्यावं, मग घराच्या वरच्या खिडकीतून बघून सुधारावं. पाइप उन्हात ठेवून मऊ करून घ्यावा, नाही तर तो वळत नाही. विलायतेत या शेवटच्या कामाला अख्खा उन्हाळा लागत असेल. हैदराबादच्या एप्रिलमध्ये दहा मिनिटांत पाइपची शेवई झाली. दादा गच्चीवर, मी अंगणात. "डावीकडे! अजून! एवढं नाही!" समोरच्या कॉम्प्लेक्समधली माणसं गॅलरीत येऊन उभी राहिली. त्यांना वाटलं, नळ फुटला. पाइपच्या कडेने मी चुन्याची फक्की टाकली. गच्चीवरून तो एक सुरेख, झोकदार इंग्रजी 'एस' दिसत होता. अंगणातून तो कुणीतरी घाईत सांडलेला चुना दिसत होता.

मग दादाने मोजलं. जुनी वाट अडतीस फूट, नवी सेहेचाळीस. आठ फुटांचा फरक. आई दिवसातून पाच वेळा तरी फाटकाशी जाते: दूध, पेपर, भाजीवाली, पोस्टमन आला का ते बघायला, आणि नाही आला हे पुन्हा बघायला. जाऊन येऊन दहा खेपा. रोजचे ऐंशी फूट जादा. वर्षाचे एकोणतीस हजार दोनशे. दादाने हिशेब खात्याच्या सवयीने ते किलोमीटरमध्ये आणलं. "जवळजवळ नऊ किलोमीटर! व्यायाम आहे तो, आई. चारमिनारला जाऊन परत येण्याइतका."

"मग चारमिनारलाच ने की," आई म्हणाली. "त्या निमित्ताने बांगड्या तरी भरते."

मेस्त्री आला. त्याने चुन्याचा एस बघितला, फाटक बघितलं, ओसरी बघितली, आणि दोन्हींच्या मधली मोकळी जागा बराच वेळ बघितली. "साब, बीच में कुच बी नै. फिर मोड़ काइकू?"

दादाने त्याला होगार्थ समजावून सांगितला, दखनीत. मेस्त्रीने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, परसोंइच एका बंगल्यात त्याने असं काम केलंय. हैदराबादी 'परसों' हा कालच्या आधीचा कुठलाही दिवस असतो. त्यात परवाही येतो आणि कुतुबशाहीही. खोदून विचारल्यावर कळलं, की तो बंगला पाडून तिथे आता मॉल आहे.

पुढचा प्रश्न फरशीचा. शहाबादी फरशी चौकोनी. चौकोनी फरशी वळणावर लावली, की बाहेरच्या अंगाला पाचरीसारखी फट पडते आणि आतल्या अंगाला एकीचा कोपरा दुसरीवर चढतो. विटा लहान असतात, त्या थोड्या थोड्या कलवून वळण साधता येतं; फरशीला ते जमत नाही. पुस्तकात यावर उपाय होता. फरशीचे वेडेवाकडे तुकडे जोडायचे, मधल्या सांध्यांत माती भरायची, तिथे गवत आणि बारकी फुलं उगवू द्यायची. दिसायला जुनं, नैसर्गिक. दादाने जुनी पट्टी उखडायला सांगितली. फरशा काढल्या तर एकेक अख्खी, खणखणीत. साठ वर्षांत एकीलाही चीर नाही.

"आता यांना तोडायचं," दादा म्हणाला.

मेस्त्रीने घण खाली ठेवला. आयुष्यभर त्याने गिऱ्हाइकांच्या शिव्या खाल्ल्या होत्या त्या फरशी तुटली म्हणून. मुद्दाम तोडायला सांगणारं गिऱ्हाईक त्याला पहिल्यांदाच भेटत होतं. त्याने फोन काढून बायकोला सांगितलं, की यायला उशीर होईल. मग तोडायची मजुरी वेगळी लावली, आणि ती लावण्याच्या मजुरीहून जास्त होती.

माझा जीव त्या फरशांत गुंतला होता, ते उगाच नाही. शहाबाद गुलबर्ग्याकडचं. तिथला दगड निजामाच्याच राज्यातला. त्याच राज्यात नांदेडही होतं. १ नोव्हेंबर १९५६ ला त्या राज्याचे तीन तुकडे झाले: मराठवाडा मुंबईकडे, गुलबर्गा म्हैसूरकडे, हैदराबाद आंध्राकडे. आजोबांनी एकाच राज्यात माणसं जोडली होती. एका रात्रीत त्यांचे भाऊ एका राज्यात, फरशी दुसऱ्यात आणि स्वतः तिसऱ्यात. ज्याने त्या सीमा आखल्या त्यानेही गच्चीवरूनच बघून आखल्या असाव्यात.

असो. खोदाई सुरू झाली. एसचं पहिलं वळण ठीक झालं. दुसऱ्या वळणावर वीतभर खाली पहार खणकन वाजली. हैदराबाद ग्रॅनाइटवर बसलंय हे शाळेत शिकलो होतो. ते आमच्या अंगणापर्यंत आलंय हे माहीत नव्हतं. मेस्त्रीने इकडून खणलं, तिकडून खणलं, दगड वाढतच गेला. शेवटी म्हशीच्या पाठीएवढा भाग वर आला आणि उरलेली म्हैस खाली राहिली. गोवळकोंड्याचे आणि बंजारा हिल्सचे खडक याचेच थोरले भाऊबंद, वय सुमारे अडीचशे कोटी वर्षं. दादाने त्याला दाखवावा तसा पुस्तकातला नकाशा हातात धरला, पण दगड हलला नाही. मेस्त्री म्हणाला, सुरुंग लावावा लागेल. आईने वरूनच ओरडून विचारलं, "कुणाला?"

वाट दगडाला वळसा घालून उलट्या अंगाने न्यावी लागली. म्हणजे एक वळण दादाचं आणि एक दगडाचं. झालेल्या आकाराला 'एस' म्हणता येत नव्हतं. मोडी लिपीतलं एखादं अक्षर बहुधा म्हणता आलं असतं. तरी महिनाभरात वाट तयार झाली. सांध्यांत दादाने चिनी गुलाब लावला, कडेला सदाफुली आणि गवती चहा. विलायती लव्हेंडरची दोन रोपं आणली होती, ती मेमध्येच स्वर्गवासी झाली.

आता खरी परीक्षा. पुस्तकात लिहिलं होतं, वाटेवरून मातीची ढकलगाडी फिरवून बघावी. आमच्याकडे ढकलगाडी नाही, गॅसचं सिलिंडर आहे. सिलिंडरवाला सिलिंडर तिरकं करतो आणि बुडाच्या कडेवर गरगर फिरवत आणतो. ती कला बघण्यासारखी आहे. फाटकातून आत आल्यावर त्याने समोरची नागमोडी वाट बघितली, तुकड्यातुकड्यांची फरशी बघितली, आणि क्षणाचाही विचार न करता सिलिंडर सदाफुलीतून सरळ ओसरीकडे काढलं. पेपरवाल्या पोराने सायकल तशीच आणली. भाजीवालीने पाटी सांभाळत तीच रेघ धरली. आठवडाभरात उखडलेल्या पट्टीच्या जागी मातीत नवी पायवाट उमटली: दगडापर्यंत फुटपट्टीने आखावी तशी.

पण दादाने निरीक्षण केलं, आणि इथे मला त्याचं कौतुक वाटतं. तो तीन दिवस ओसरीवर खुर्ची टाकून बसला आणि वहीत येणाऱ्या-जाणाऱ्यांची नोंद केली. लोक दादाचं वळण तोडत होते. दगडाचं वळण मात्र एकानेही तोडलं नाही. तिथे सिलिंडरसुद्धा वळत होतं, आणि कुरकुर न करता. आई तर दगडापाशी थांबायची, त्यावर टेकायची, मग पुढे जायची. मेस्त्रीचा 'काइकू' आता दादाच्या डोक्यात शिरला होता. दगडाच्या वळणाला कारण होतं. दादाच्या वळणाला होगार्थ होता.

त्याच सुमारास वहिनीने ते पुस्तक वाचलं. दादाने आतापर्यंत चित्रं आणि त्यांखालच्या ओळी वाचल्या होत्या, वहिनीने मजकूर वाचला. रात्री जेवताना ती म्हणाली, "यात लिहिलंय, की खऱ्या कॉटेजमध्ये शेतमजूर राहायचे. कोबी, बटाटे, औषधी पाला, मधे थोडी फुलं. आपली परसबागच की! आणि वाट फाटकापासून दारापर्यंत सरळ. दिवसभर राबून आलेला माणूस कशाला वळसे घालेल? नागमोडी वाटा बड्या लोकांच्या, ज्यांना कुठे पोचायचं नसतं."

दादाने घास खाली ठेवला. "म्हणजे आधी आपल्याकडे कॉटेज गार्डनच होती?"

"साठ वर्षं," वहिनी म्हणाली. "फरशी अख्खी होती तेव्हा."

त्या रात्री दादाने गर्ट्रूड जेकिल बाईंचा आधार शोधला. इंग्लंडातल्या बागांची ही थोर बाई, आधी चित्रकार; डोळे अधू म्हणून पुढे बागेकडे वळली. तिच्या बागेत काम करायच्या जुन्या, झिजलेल्या बुटांचं चित्र विल्यम निकल्सनने १९२० साली काढलं, ते आजही नावाजलेलं आहे. बाग डोळ्यांनी नाही, पायांनी कळते, असं काहीसं दादा पुटपुटत होता. ओसरीच्या पायरीवर आईच्या निळ्या पट्ट्याच्या स्लिपर पडल्या होत्या. डाव्या टाचेला पार भोक पडलेलं. चित्र काढायला कुणी आलं नाही.

मग दादाच्या वळणालाही कारण द्यायचं ठरलं. आधी रांजण ठेवला. सिलिंडरवाल्याने तो उचलून बाजूला ठेवला आणि जाताना प्रामाणिकपणे परत जागेवर ठेवला. मग कोरांटीचं काटेरी कुंपण लावलं. भाजीवालीचं लुगडं फाटलं, भरपाई वहिनीने दिली. शेवटी वहिनीनेच सुचवलं ते केलं. ओसरीच्या कोपऱ्यात पत्र्याच्या डब्यात असलेली तुळस आणली आणि लोकांच्या सरळ रेघेच्या बरोबर मधोमध सिमेंटचं वृंदावन बांधून त्यात लावली.

काम फत्ते. तुळशीवरून कोण जाणार? पेपरवाला वळला, भाजीवाली वळली. सिलिंडरवाल्याने एका हाताने सिलिंडर सावरत दुसरा छातीला लावला आणि दादाच्या वळणावरून, चिनी गुलाबावरून खडखडत निघाला. दादाने वहीत शेवटची नोंद केली आणि खाली सरळ रेघ मारली.

पण आई दुसऱ्या दिवशी सकाळी आंघोळ करून आली, तुळशीला पाणी घातलं आणि प्रदक्षिणा घालू लागली. अकरा. रोजच्या. पंधरा दिवसांत तुळशीभोवती सदाफुली तुडवली जाऊन छान गोल, गुळगुळीत वाट तयार झाली. असं नैसर्गिक वळण पुस्तकातल्या एकाही चित्रात नव्हतं. दादाने गुपचूप ते मोजलं: एक फेरा वीस फूट, अकरा फेरे दोनशेवीस, वर्षाचे साडेचोवीस किलोमीटर. आठ फुटांसाठी चारमिनारला निघालेली बाई! पण हा हिशेब त्याने फक्त मला सांगितला.

परवा, म्हणजे मराठीतल्या परवा, एका पार्सलवाल्या पोराचा फोन आला. तो फाटकाशी उभा होता. आत दगड, तुळस, गोल वाट, वेडीवाकडी फरशी बघून बिचारा गोंधळला असावा. दादा ओसरीवरूनच फोनवर बोलत होता आणि बोलता बोलता हवेत हाताने मोठा एस काढत होता.

"हौ, हौ, गेट से अंदर आओ," तो म्हणाला. "बस, सीधा."